यंत्रांचा हुंकार



आमच्या लहानपणीं रात्रीं जेवणें उरकलीं म्हणजे आजी गोष्ट सांगावयास बसे. तिची एक अट असे. ऐकणारानें मधून मधून ‘हूं’ म्हटलें पाहिजे. कंदिलाची वात बारीक केलेली. कोणाचा डोळा उघडा आहे आणि कोणाचा मिटला आहे, हें तिला अंधारांत कसें कळावें? एक हुंकार चुकला तर ती थांबत नसे. पोराच्या तोंडांत शेंगदाणा असेल असें समजून ती पुढें चाले. दुसरा चुकला तर आवाज किंचित् चढवी. तिसरा चुकला कीं राजपुत्र ज्या अरण्यांत असेल त्याच अरण्यांत त्यास सोडून ती कंदील मालवी. तीन हुंकारांचा हा हिशेब तिनें कोठून आणला होता कोण जाणे. परंतु साठी उलटल्यावर तोच हिशेब मला यंत्रांच्या जगांत पुन्हां भेटला, आणि त्यांत मी एक मोठी चूक करून बसलों. त्या हिशेबाची व त्या चुकीची हकीकत आज सांगणार आहें.

मी मॅट्रिक झालेला शाळामास्तर. २०१९ सालीं निवृत्त झालों आणि लौकरच आमच्या तालुक्याच्या गांवच्या एका पतसंस्थेच्या संचालक मंडळावर मला घेण्यांत आलें. संस्थेची मुख्य कचेरी बाजारपेठेंत, आणि एक शाखा नदीपलीकडच्या गांवीं. सर्व खातीं मुख्य कचेरींतील संगणकांत. शाखेंतील कारकुनानें पांचशें रुपयांची नोंद केली म्हणजे ती नदी ओलांडून येते, येथें जमाखर्च होतो, आणि ‘झालें’ असा निरोप परत जातो. या जा-येसाठीं दोन वाटा होत्या. एक रस्त्याच्या कडेनें पुरलेली व पुलावरून नेलेली फायबरची तार. दुसरी, दोन्ही इमारतींच्या गच्चीवर समोरासमोर बसविलेल्या ताटल्यांमधून चालणारी बिनतारी वाट. व्यवहार तारेनें चालावा आणि तार तुटल्यास ताटलीनें, अशी योजना होती. कोणता लखोटा कोणत्या वाटेनें न्यावयाचा हें ठरविणाऱ्या यंत्रास राउटर म्हणतात. टपालकचेरींत छाटणी करणारा मनुष्य करतो तेंच हें काम. शाखेंत असा एक राउटर होता. मुख्य कचेरींत तेंच काम एक स्विच करीत असे. स्विच हा मूळचा एका इमारतींतील संगणकांस जोडणारा. परंतु हल्लींच्या थोड्या वरच्या प्रतीच्या स्विचांस वाट ठरविण्याचीही विद्या असते.

योजना कागदावर निर्दोष होती. पण तार तुटली आहे हें यंत्रास कळणार कसें? तार जेथें खोंचलेली असते तेथें एक बारीक हिरवा दिवा असतो. तार तुटली कीं तो दिवा विझेल व यंत्र लगेच दुसरी वाट धरील, अशी आम्हां संचालकांची समजूत. एका यंत्रापासून दुसऱ्या यंत्रापर्यंत एकच अखंड तार असती तर तसें झालेंही असतें. परंतु मध्यें तार भाड्यानें देणाऱ्या कंपनीच्या दोन लहान पेट्या होत्या, एक या कांठीं व एक त्या कांठीं. आमच्या स्विचची तार पहिल्या पेटीपर्यंत. तेथून पुलावरून कंपनीची तार. मग दुसरी पेटी. मग आमचा राउटर. पुलापाशीं खणणाऱ्या यंत्रानें तार तोडली, तरी स्विच व पहिली पेटी यांमधील चार हात तार शाबूतच! दोन्ही कांठांवर हिरवे दिवे तेवत राहिले. दिवा खोटें बोलत नव्हता. पेटीपर्यंतची तार ठीक आहे एवढेंच त्यास ठाऊक, आणि तेवढेंच तो सांगत होता.

तुटीची वार्ता अखेर कळे ती निराळ्या मार्गानें. वाट ठरविणारीं यंत्रें आपसांत एक ठराविक बोली बोलतात. आमच्याकडे ओएसपीएफ नांवाची बोली होती. जॉन मॉय यांनीं लिहिलेले तिचे नियम १९९८ सालीं प्रसिद्ध झालेले आहेत. या बोलींत साधारणपणें दर दहा सेकंदांनीं शेजाऱ्यास ‘हॅलो’ पाठवावयाचा असतो, आणि चाळीस सेकंद एकही हॅलो आला नाहीं तर शेजारी मेला असें समजावयाचें असतें. हे आंकडे बदलतां येतात. पण यंत्र घरीं आणल्यावर ते कोण बदलतो? म्हणजे आजीचे तीन हुंकार, आणि येथें चार. फरक एवढाच, कीं ही गोष्ट फारच संथपणें सांगितली जात होती.

चाळीस सेकंद म्हणजे काय, हें बाजाराच्या दिवशीं शाखेच्या खिडकीपाशीं उभें राहिल्यावांचून समजत नाहीं. पावसाळ्याच्या तोंडीं पुलाचें काम निघालें होतें. तार तुटे, जोडली जाई, पुन्हां तुटे. एका बुधवारीं एक म्हातारी बाई औषधासाठीं आठशें रुपये काढावयास आली. कारकुनानें नोंद धाडली, ती मुख्य कचेरींत पोहोंचली, खात्यांतून रक्कम वजा झाली, आणि ‘झालें’ हा निरोप परत येण्यापूर्वींच तार तुटली. शाखेच्या संगणकाची सहनशीलता तीस सेकंदांची, आणि वाट दाखविणाऱ्या यंत्रांची चाळीसांची. दुसरी वाट खुली होण्याआधीं कारकुनाच्या पडद्यावरून सारें पुसलें गेलें. पुन्हां आंत शिरून पाहतो तों खात्यांत आठशें कमी! आपण रक्कम दिली कीं नाहीं? गर्दींत त्या बिचाऱ्याची खात्री होईना. त्यानें पैसे देण्याचें नाकारलें. आणि त्याचें चुकलें असें मला म्हणवत नाहीं. संध्याकाळीं रोख मोजून हिशेब जुळेपर्यंत ती बाई बांकावर बसून होती. तोंवर शेवटची एस. टी. गेली. तिला घरीं पोहोंचवावयास मी गेलों. वाटेंत ती एक शब्दही बोलली नाहीं.

दुसऱ्या दिवशीं मीं माझ्या एका जुन्या विद्यार्थ्यास बोलाविलें. तो पुण्यास याच धंद्यांत आहे. चौथींत त्याचे पाढे मीं घेतले होते. आतां तो माझे घेऊं लागला. सर्व हकीकत ऐकून म्हणाला, “गुरुजी, याला बीएफडी लागेल.”

बीएफडी म्हणजे बायडिरेक्शनल फॉरवर्डिंग डिटेक्शन. दोन शेजाऱ्यांमध्यें जाणें व येणें दोन्ही चालू आहे कीं नाहीं, याची अखंड परीक्षा, असा त्याचा अर्थ. डेव्ह कॅट्झ व डेव्ह वॉर्ड यांनीं लिहिलेले त्याचे नियम, इंटरनेटचे नियम ठरविणाऱ्या आयईटीएफ या मंडळीनें जून २०१० मध्यें आरएफसी ५८८० या क्रमांकानें प्रसिद्ध केले. त्यांच्यापुढील अडचण आमच्याच जातीची, परंतु फार मोठ्या मापाची होती. सेकंदास एक गिगाबिट मजकूर नेणारी तार भरून वाहत असतां एक सेकंद तुटली, तर साडेबारा कोटी बाइट वाटेंत सांडतात. चाळीस सेकंद तुटली तर पांचशें कोटी. मग हॅलोच घाईनें पाठवावे, तर त्यांत इतर पुष्कळ मजकूर असतो, तो उलगडण्यांत यंत्राचा वेळ मोडतो. आणि यंत्रांच्या बोलीही अनेक, प्रत्येकीनें आपला निराळा घोष करावा हें परवडणारें नव्हे. म्हणून हुंकार देण्यापुरता एकच निरोप्या वेगळा नेमला, आणि ओएसपीएफ, बीजीपी वगैरे सर्वांनीं शेजाऱ्याच्या मरणाची वार्ता त्याच्याकडून घ्यावी असें ठरलें. या हुंकाराचा मूळ मजकूर अवघा चोवीस बाइटांचा.

आजीच्या हुंकाराहून हा एका बाबतींत शहाणा आहे. तो दोन्हीकडून दिला जातो, आणि प्रत्येक हुंकारांत देणारा स्वतःचा क्रमांक घालतो व ज्याचें ऐकलें त्याचाही घालतो. समजा, स्विचचा क्रमांक ७ आणि राउटरचा १२. स्विच प्रथम म्हणतो, ‘मी सात, पलीकडच्याचा पत्ता नाहीं.’ ही ‘डाउन’ अवस्था. राउटरनें तें ऐकलें कीं तो म्हणतो, ‘मी बारा, मला सात ऐकूं येतो.’ ही ‘इनिट’. स्विचला आपलाच सात परत ऐकूं आला म्हणजे दोन गोष्टी एकदम कळतात: बारा जिवंत आहे, आणि आपला आवाज त्याच्यापर्यंत पोहोंचतो. मग तो ‘अप’ होतो, व त्याचें अप ऐकून राउटरही होतो. एवढा खटाटोप कशासाठीं? तर पुष्कळदां फायबरचा एकच पदर तुटतो. आपणांस दुसऱ्याचें बोलणें स्वच्छ ऐकूं येत असतें, आणि आपलें त्यास ऐकूंच जात नसतें. अशा वेळीं ज्यास ऐकूं येईनासें होतें तो डाउन होऊन तसें ओरडतो, आणि तें ऐकून दुसराही सावध होतो.

आणखी एक युक्ति मला फार आवडली. हा हुंकार खरोखर शेजाऱ्याचाच, दुरून कोणीं सोंग घेऊन दिलेला नव्हे, हें कशावरून? प्रत्येक लखोट्यावर एक आंकडा असतो, आणि वाटेंतील प्रत्येक राउटर त्यांतून एक वजा करतो. या आंकड्याची कमाल मर्यादा २५५. शेजाऱ्यानें हुंकार २५५ घालूनच पाठवावयाचा, आणि घेणारानें २५५ असेल तरच तो आपला मानावयाचा. मध्यें एक जरी राउटर लागला असता तरी २५४ झाले असते! चौथीच्या मुलालाही पटेल असा हा पुरावा आहे.

आतां वेळेचा हिशेब. प्रत्येक बाजू तीन आंकडे जाहीर करते: मी किती जलद बोलूं इच्छितों, किती जलद ऐकूं शकतों, आणि माझे किती हुंकार चुकले म्हणजे मला मेलेला समजावें. बोलणाराची इच्छा व ऐकणाराची ताकद यांत जें सावकाश तें दोघांनीं पाळावयाचें. सर्वांनीं एका तालांत बोलूं नये म्हणून बोलणारा प्रत्येक अंतर आपल्या मर्जीनें एक चतुर्थांशापर्यंत कमी करीत असतो.

विद्यार्थ्यानें स्विचवर लिहिलें तें सांगतों. हे शब्द सिस्कोच्या यंत्रांतील आहेत. इतरांचे थोडे निराळे. प्रथम, तार ज्या पोर्टमध्यें आहे त्यास ‘नो स्विचपोर्ट’ असें सांगून स्वतःचा आयपी पत्ता दिला. त्याखालीं ‘बीएफडी इंटरव्हल ५० मिन-आरएक्स ५० मल्टिप्लायर ३’ अशी एक ओळ. म्हणजे पन्नास मिलिसेकंदांनीं बोला, पन्नासांनीं ऐका, तीन चुकले कीं मेला. शाखेच्या राउटरवरही तेंच लिहिलें. मीं उत्साहानें विचारलें, “झालें?” तो हंसला. एवढ्यावर कांहींच होत नाहीं. हुंकार कोणासाठीं द्यावयाचा हें सांगितल्यावांचून यंत्र तोंड उघडत नाहीं. त्यासाठीं त्याच पोर्टखालीं ‘आयपी ओएसपीएफ बीएफडी’ ही दुसरी ओळ लिहावी लागते. मग ओएसपीएफ आपल्या शेजाऱ्याचें नांव हुंकारवाल्याकडे नोंदवितो. पुष्कळ नवशिके पहिली ओळ लिहून उठतात, आणि तार तुटल्यावर चाळीस सेकंद आकाशाकडे पाहत बसतात. खात्री करावयाची असल्यास ‘शो बीएफडी नेबर्स’ असें विचारावें. शेजाऱ्यापुढें ‘अप’ दिसलें पाहिजे.

यांत ‘एको’ नांवाचाही एक प्रकार आहे. त्यांत चेंडू शेजाऱ्याच्या भिंतीवर फेंकावयाचा व तो परत येतो कीं नाहीं पाहावयाचें. शेजाऱ्यानें विचार करण्याचें कारण नाहीं. तो वापरावयाचा तर पोर्टवर ‘नो आयपी रिडिरेक्ट्स’ ही ओळही घालावी, नाहींतर परत येणाऱ्या प्रत्येक चेंडूबरोबर ‘वाट चुकलात’ अशा सूचना लिहिण्यांत यंत्र दमून जातें.

रविवारीं कंपनीच्या माणसास बोलावून पलीकडच्या कांठची तार उपटून पाहिली. आमचा हिरवा दिवा तसाच तेवत होता. पण आजीच्या नियमानें तीन हुंकार चुकले, दीडशें मिलिसेकंदांत शेजारी मेल्याची वर्दी गेली, आणि व्यवहार ताटलीच्या वाटेनें चालूं लागला. दर सेकंदास विचारलेल्या प्रश्नांपैकीं एकाचेंच उत्तर चुकलें. मला तर टाळी वाजवावीशी वाटली.

आणि त्याच हर्षांत मीं ती चूक केली. मीं म्हटलें, “हाच आंकडा ताटलीच्या वाटेसही लाव.” तो म्हणाला, “गुरुजी, ती वाट आधीं आठवडाभर मोजूं या.” आम्हां मास्तरांस सर्व मुलांना एकच नियम लावण्याची खोड असते. जलद तें चांगलें, मग मोजावयाचें काय? मीं आग्रह धरला. जुना विद्यार्थी, त्यानें ऐकलें, आणि ऐकावयास नको होतें.

आषाढांत पुलाच्या कामामुळें तार चार दिवस बंद राहिली. सर्व भार ताटलीवर. तिसऱ्या दिवशीं वारा सुटला. वाऱ्यानें ताटली हाले, आणि सेकंदाचा पांचवा हिस्सा बोलणें तुटे. पूर्वीं अशी तूट कोणाच्या ध्यानांतही येत नसे. हरवलेला लखोटा संगणक आपण होऊन पुन्हां धाडी. आतां मात्र दीडशें मिलिसेकंदांचा पहारेकरी बसविलेला! त्यानें ‘मेला, मेला’ म्हणून आरोळी ठोकली. ओएसपीएफनें शेजाऱ्याचें नांव कापलें, वाट पुसून टाकली, आणि दुसरी वाट तर पुलावर तुटून पडलेली. तोंवर ताटली स्थिर झालेली असे. पण तुटलेली ओळख पुन्हां जुळावयास वेळ लागतो. नियमच असा आहे, कीं ओळख जुळेपर्यंत हुंकार सेकंदास एकाहून अधिक वेगानें द्यावयाचा नाहीं. त्यानंतर ओएसपीएफच्या हॅलो आणि नकाशांची देवघेव पहिल्यापासून. पापणी लवण्याइतकी खोट, आणि तिच्यापायीं कित्येक सेकंदांचा अंधार. हें दुपारपर्यंत एकवीस वेळां झालें. चाळीस सेकंदांच्या जुन्या संथ नियमानें त्या दिवशीं एकदांही वाट तुटली नसती. शाखेंतील कारकुनानें शेवटीं खिडकी लावून घेतली व बाहेर पाटी टांगली. ती पाटी माझ्या आग्रहाची होती.

हजेरी घेतांना तीन हाकांत उत्तर आलें नाहीं म्हणून मीं गैरहजर मांडलेलीं मुलें पुष्कळदां दाराशींच चिखलाचे पाय पुशीत उभीं असत. तें मला त्या दुपारीं आठवलें.

विद्यार्थ्यानें फोनवरूनच ताटलीच्या पोर्टवरील पहारा उठविला. मग आठवडाभर मोजमाप झालें. तुटीचा काळ बहुधा एका सेकंदाच्या आंत असे. त्यावरून त्यानें पांचशें मिलिसेकंद व पांच हुंकार, म्हणजे अडीच सेकंद, असा आंकडा नेमला. तारेवर मात्र पन्नास व तीनच राहिले, कारण ती एकतर असते किंवा नसते. अर्धवट हेलकावे तिच्यांत क्वचित्. आमच्या स्विचला अशी एखादी वाट झेपते. पुष्कळ वाटा असल्या आणि हुंकार ऐकण्याचें काम यंत्राच्या मुख्य मेंदूवरच असलें, तर तो दुसऱ्या कामांत गुंतला असतां जिवंत शेजाऱ्याचाही हुंकार चुकतो. मोठ्या यंत्रांत यासाठीं निराळें अंग असतें. ज्यास अनुभव नाहीं त्यानें तीनशें आणि तीन यांपासून आरंभ करावा, असें माझा विद्यार्थी म्हणतो.

येथें एक मौज झाली. त्यानें आधीं फक्त स्विचवर पांचशें व पांच लिहून पहारा पुन्हां बसविला. शाखेच्या राउटरवर जुनेच पन्नास व तीन राहिले होते. मीं कागद घेऊन हिशेब मांडला: स्विचचे पांच, म्हणून स्विच अडीच सेकंद थांबेल. चूक! अंतर दोन्ही दिशांस पांचशेंच ठरलें, कारण सावकाश तें खरें. परंतु गुणावयाचा आंकडा आपला नव्हे, तर पलीकडच्यानें कळविलेला. म्हणून स्विच राउटरच्या तिनानें दीड सेकंद थांबणार, आणि राउटर स्विचच्या पांचानें अडीच. किती चुका माफ करावयाच्या हें येथें चुकणारा सांगतो, माफ करणारा नव्हे. असा नियम वर्गांत असता तर माझी चौथी कधींच पास झाली नसती. त्यानें दुसऱ्या दिवशीं राउटरवरही पांच लिहिले.

दुरुस्तीसाठीं एखादी बाजू मुद्दाम गप्प करावयाची असते, त्याचीही सोय आहे. त्या वेळीं ती ‘अ‍ॅडमिन डाउन’ असें कळविते, म्हणजे ‘मी पाणी पिऊन येतों, मला झोंप लागलेली नाहीं.’ या शब्दावरून पलीकडच्यानें वाट तुटली असें मानूं नये, असा नियम आहे.

हुंकारवाला वाट शोधून देत नाहीं, हें आमच्या खजिनदारांस अजून पटलेलें नाहीं. तो फक्त वर्दी देतो. दुसरी वाट आपण बांधलेली असावी लागते, आणि ती पहिलीबरोबर मरणारी नसावी. शाखेचा राउटर व गच्चीवरची ताटली दोन्ही एकाच विजेवर आहेत. गांवची वीज गेली कीं आमचा स्विच एक मरण दीडशें मिलिसेकंदांत आणि दुसरें अडीच सेकंदांत बिनचूक सांगतो, आणि मग सांगण्यासारखें कांहीं उरत नाहीं. तेथें बॅटरी बसविण्याचा माझा अर्ज पुढील सभेच्या विषयपत्रिकेवर आहे. एवढा खर्च करून यंत्रें जलद केलीं, आतां बॅटरी कशाला, असा खजिनदारांचा सवाल आहे.

ती बाई अजून बुधवारीं येते. रक्कम हातांत पडेपर्यंत खिडकीची कड सोडीत नाहीं.